भिंतीची भेग आणि विंचू

मृगाच्या आधी माझ्याकडे विंचू चावलेले रुग्ण वाढतात. गेल्या वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाला रात्री आणले. घाम, उलट्या, हातपाय गार. तडकलेल्या मातीच्या भिंतीला लागून झोपला होता. प्राझोसिनची गोळी वेळेवर पोटात गेली म्हणून वाचला.

माती वाळताना आकसते, गिलाव्याला भेगा पडतात, तिथेच विंचू दडतो. म्हणून जुनी माणसे चिखलात गव्हाचा भुसा तुडवून तो आठ-दहा दिवस मुरू देत. भुशाच्या काड्या माती धरून ठेवतात, मोठी भेग पडत नाही. हल्ली घाईत नुसता चिखल थापतात! वरवरच्या सारवणाने खोल भेग बुजत नाही. पावसापूर्वी भेगा खरवडून, ओल्या करून भुशाच्या चिखलाने भरा. अंथरूण भिंतीपासून दूर घाला. आणि मुलाला विंचू चावलाच, तर उतारा-मंत्र करीत न बसता लगेच दवाखाना गाठा.