घोड्याच्या केसांचे कडे

आवडता घोडा मेला, की अमेरिकेतील व युरोपातील काही घोडेस्वार त्याच्या शेपटीचे थोडे केस राखून ठेवतात आणि कारागिराकडून त्यांचे कडे गुंफून घेतात. घोड्याची आठवण मनगटावर राहते! पण केसासारखी लवचिक वस्तू कड्याचा आकार कसा धरते?

विद्यार्थिमित्रांनो, शेपटीच्या केसाचा व्यास आपल्या केसाच्या सुमारे दुप्पट असतो. एकाच पदार्थाच्या गोल धाग्यांत वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे व्यास दुप्पट, तर विरोध २ × २ × २ × २ = १६ पट!

मग इतका ताठ केस गुंफायचा कसा? त्याला ओलावून. केस हा मुख्यत: केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील दुर्बल हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात व केस नरम होतो. वेणी वाळली, की हे बंध नव्या स्थितीत जुळतात. शिवाय पेड एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे सरकत नाहीत. टोके तेवढी धातूच्या टोपणात चिकटवावी लागतात.

केराटिनमधील गंधकाचे बळकट बंध मात्र पाण्याने तुटत नाहीत. म्हणूनच केस वर्षानुवर्षे टिकतो. पण कसरीची अळी केराटिनही पचवते. तेव्हा कडे तिच्यापासून जपलेच पाहिजे.

आता एक प्रयोग. ओल्या केसांची घट्ट वेणी घाला व वाळल्यावर सोडा. केस नागमोडी दिसतील. ते पुन्हा भिजवल्यास काय होईल? का?