सात डॉलरची नोट

फिजीच्या रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सात डॉलरची नोट काढली. पाचची नाही, दहाची नाही, चक्क सातची! त्या नोटेवर रग्बी संघाचा कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ आहे आणि मागच्या बाजूला संघासोबत बेन रायन नावाचा चष्मेवाला इंग्रज प्रशिक्षक. गंमत अशी, की चारच वर्षांपूर्वी याच देशाने आपल्या नोटांवरून इंग्लंडच्या राणीला निरोप दिला होता. राणी गेली आणि तिच्याच देशातला एक मास्तर नोटेवर येऊन बसला.

कारण साधं आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्स रग्बीचं, म्हणजे प्रत्येकी सात खेळाडूंच्या झटपट रग्बीचं सुवर्णपदक फिजीने पटकावलं. 1956 पासून ऑलिंपिकला जाणाऱ्या, तीनशेहून अधिक बेटांच्या या देशाचं ते पहिलंवहिलं पदक. लोकसंख्या म्हणाल तर साधारण आपल्या सोलापूर शहराएवढी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून मथळे दिले. मला तो शब्द पटत नाही. सेव्हन्सचा विश्वचषक या लोकांनी 1997 मध्ये जिंकला होता, 2005 मध्येही जिंकला होता. अंगात खेळ होताच. नव्हती ती घरची व्यवस्था, आणि ‘यांच्या रक्तातच रग्बी आहे’ असं सगळे म्हणत राहिल्यामुळे ती लावायची गरज कुणाला वाटली नव्हती.

रायन 2013 मध्ये आला. त्याआधी तो इंग्लंडच्या सेव्हन्स संघाचा प्रशिक्षक होता. फिजीहून फोन आला, तेव्हा हो की नाही ते ठरवायला त्याला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. हो म्हणाला, बोचकं बांधून पोहोचला आणि मग कळलं, की रग्बी संघटनेच्या तिजोरीत खडखडाट आहे. सुरुवातीचे काही महिने पगारच नाही! दुसरा कुणी असता तर परतीचं विमान पकडलं असतं.

त्याच्या हाताखाली आलेल्या खेळाडूंत तुरुंगाचे पहारेकरी होते, पोलीस होते, हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा पोरगा होता. सकाळी पाव आणि साखरेने घट्ट झालेला चहा, की निघाले मैदानावर. रायनने आधी हात घातला तो ताटात. डावपेच नंतर. मग सिगातोकाच्या वाळूच्या टेकड्या. समुद्राकाठी उभ्या असलेल्या या टेकड्यांवर पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुततं, दोन पावलं वर जावं तर एक खाली घसरतं. तिथे पोरांना धावत चढवायचं, उतरवायचं, पुन्हा चढवायचं. महागडी व्यायामशाळा नव्हती, पण पोटऱ्या पिळून काढायला ही वाळू पुरेशी होती.

फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन चक्रीवादळाने फिजीला झोडपलं. चाळीसहून अधिक माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. दोन आठवड्यांनी लास व्हेगासच्या अंतिम सामन्यात हा संघ ऑस्ट्रेलियाविरुद्ध 0-15 असा मागे पडला होता. तिथून 21-15 असा जिंकला. घरची खबर मनात असताना खेळणं काय असतं, ते त्यांनाच ठाऊक.

पण मला सर्वांत भावलेला किस्सा निवडीचा आहे. जॅरिड हेन हा ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगचा बडा तारा. बाप फिजीचा. अमेरिकेत जाऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सकडून अमेरिकन फुटबॉलही खेळून आला होता. मे 2016 मध्ये त्याने ते सोडलं आणि जाहीर केलं, की मला फिजीकडून ऑलिंपिक खेळायचंय. कॅमेरे धावले. एवढं आयतं नाव छोट्या देशाच्या दारात येऊन उभं राहिलं, तर कुठली संघटना नाही म्हणेल? लंडनच्या स्पर्धेत त्याला उतरवलंही. मात्र रिओसाठी बाराजणांची यादी लागली, तेव्हा त्यात हेन नव्हता. तीन वर्षं वाळू तुडवलेल्यांच्या बरोबरीला यायला त्याच्याकडे दिवसच उरले नव्हते. आपल्याकडे अशा यादीवर केवढा गदारोळ झाला असता!

11 ऑगस्टला अंतिम सामना, समोर ग्रेट ब्रिटन. म्हणजे ज्यांनी 1874 ते 1970 फिजीवर राज्य केलं, तेच. मध्यंतराला 29-0. शेवटी 43-7. त्याला सामना म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. नंतर खेळाडूंनी रिंगण करून आपलं नेहमीचं भजन म्हटलं. पदकं द्यायला आल्या ब्रिटनच्या राजकन्या अ‍ॅन, आणि धिप्पाड गडी एकेक करून त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. कुणाला त्यात गुलामी दिसली. मला तसं वाटत नाही. फिजीच्या गावात मान्यवरांपुढे असंच खाली बसतात.

झेंड्याची कथा तर याहून न्यारी. फिजीच्या ध्वजाच्या कोपऱ्यात युनियन जॅक आहे. तेव्हाचे पंतप्रधान बाइनिमारामा यांना तो नको होता. वसाहतीची खूण पुसून टाकू म्हणून 2015 पासून नव्या ध्वजाची तयारी चालली होती, नमुनेसुद्धा मागवून झाले होते. रिओत ब्रिटनला हरवून वर चढला तो हाच जुना ध्वज, कोपऱ्यातल्या युनियन जॅकसकट. फिजीत घराघरांतून, गाड्यांवरून तोच फडकू लागला. आठवड्याच्या आत बाइनिमारामांनी ध्वजबदल गुंडाळला आणि 22 ऑगस्टला देशभर सुट्टी दिली. संसदेत वाद घालून जे झालं नसतं, ते अंतिम सामन्यातल्या सात ट्रायनी, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे सात वेळा चेंडू टेकवून, करून टाकलं.

रायनला तीन एकर जमीन आणि फिजीयन नाव मिळालं. तो निघून गेला आणि संघ पुढे गॅरेथ बेबर या वेल्श प्रशिक्षकाकडे आला. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी करोनामुळे प्रवासी विमानं बंद. मग संघाला बसवलं गोठवलेली मासळी जपानला नेणाऱ्या विमानात! बायकापोरांपासून महिनोन् महिने दूर राहिलेले हे लोक त्या मासळीबरोबर उतरले आणि अंतिम फेरीत न्यूझीलंडला 27-12 असं हरवून दुसरं सुवर्ण घेऊन परतले. महिलांच्या संघाने कांस्य जिंकलं, तेही ब्रिटनलाच हरवून. पुरुष संघाचा कर्णधार जेरी तुवाई याचं हे दुसरं सुवर्ण. रिओच्या त्या बाराजणांपैकी दोन्ही पदकं गळ्यात असलेला तो एकटाच.