कमी पैशांत रेसिंग: गाडी कंपनीची, हेल्मेट स्वतःचे

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या तरुणाला रीतसर मोटरसायकल शर्यतीत उतरायचे तर पहिला खर्च येतो प्रवासाचा. राष्ट्रीय रोड रेसिंगच्या फेऱ्या प्रामुख्याने दोनच ठिकाणी होतात. एक, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचे ३.७ किलोमीटर लांबीचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट. दुसरे, कोइमतूरचे सुमारे २.१ किलोमीटरचे करी मोटर स्पीडवे. म्हणजे आधी सोलापूर गाठायचे आणि तिथून दक्षिणेची रेल्वे धरायची. सप्टेंबर २०२३मध्ये मोटोजीपी ही जागतिक मोटरसायकल शर्यत भारतात आली, जानेवारी २०२४मध्ये पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉस लीग झाली, आणि दोन्ही वेळा झळकले ते परदेशी रायडर आणि त्यांच्या महागड्या गाड्या. हा पैसेवाल्यांचा खेळ, हा समज त्यातून आणखी घट्ट झाला. स्वतःची रेस बाइक बांधून उतरणाऱ्याच्या बाबतीत तो खरा आहे. कंपनीच्या गाडीवर उतरणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो बराच सैल पडतो.

‘वन मेक’ शर्यतीत सगळ्यांना एकाच मॉडेलची, कंपनीने तयार केलेली गाडी मिळते. टीव्हीएसची अशी मालिका १९९४पासून सुरू आहे आणि तिच्यात नवख्यांसाठी व महिलांसाठी वेगळे गट असतात. होंडाने २०१८मध्ये किशोरवयीन मुलांसाठी टॅलेंट कप आणला, रॉयल एनफिल्डने २०२१मध्ये काँटिनेन्टल जीटी कप. केटीएमने २०२३च्या आरसी कपसाठी शहरोशहरी गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर निवड फेऱ्या घेतल्या. निवड झाली की गाडी, तिचे टायर आणि मेकॅनिक यांची मोठी चिंता मिटते. रायडरने आणायचे ते कौशल्य, फी आणि अंगावरचे साहित्य. हातात पैसा मोजका असेल तर पहिली दोन वर्षे याच वाटेने जावे. कर्ज काढून स्पोर्ट बाइक घेणे ही या खेळातली सर्वात महागडी चूक आहे.

कमी ताकदीच्या गाडीवर शिकणे ही तडजोडही नाही. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ६० किलोमीटर वेगाने गेल्यास गाडी आणि रायडर यांना मिळून सुमारे ३० अंश कलावे लागते. तेच वळण ताशी ७५ने घेतले तर कल ४१ अंशांच्या पुढे जातो. वेग वाढला सव्वापट, पण टायरवरचा आडवा ताण दीडपटीहून अधिक झाला, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोठे इंजिन असले की वळणात गमावलेला वेग सरळ रस्त्यावर भरून काढता येतो आणि चूक झाकली जाते. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर ती लगेच घड्याळात दिसते. मोटोजीपी गाजवणाऱ्या व्हॅलेंतिनो रॉसीची सुरुवात कार्टिंगने झाली होती. पुढचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता, म्हणून तो मिनीमोटोकडे, म्हणजे गुडघ्याएवढ्या मोटरसायकलींकडे वळला. पुढे त्याने नऊ जागतिक विजेतेपदे मिळवली.

पैसा वाचवण्याची जागा कोणती आणि न वाचवण्याची कोणती, हे आधी ठरवावे. चामड्याचा सूट, बूट, हातमोजे जुने चालतात. शिवण आणि गार्ड शाबूत असले की झाले. काही प्रशिक्षण शाळा सूट भाड्यानेही देतात. हेल्मेट मात्र जुने कधीच घेऊ नये. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो. तो एका आपटण्यात चेपला तरी बाहेरचे कवच नव्यासारखेच दिसते, त्यामुळे विकणाऱ्यालाही दोष कळेलच असे नाही.

स्वतःची गाडी ट्रॅकवर न्यायचीच असेल तर पहिले काम इंजिनाचे नाही. आरसे, इंडिकेटर, स्टँड काढायचे. ऑइल ड्रेन बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून पोलादी तार ओवायची, ती पिळून अशा दिशेने बांधायची की बोल्ट सैल होऊ लागला तर तारेला ताण बसेल. ट्रॅकवर सांडलेले तेल मागून येणाऱ्या प्रत्येकाला पाडू शकते. त्यानंतर ब्रेक पॅड, टायर, चेन. पुढचे स्प्रॉकेट १४ऐवजी १३ दात्यांचे बसवले तर चाकावरचा जोर सुमारे पावणेआठ टक्के वाढतो आणि टॉप स्पीड जवळपास तेवढाच घटतो; छोट्या ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा. कळंबच्या कोणत्याही चांगल्या मिस्त्रीला ही कामे जमतात. पुंगळी काढलेल्या सायलेन्सरने आवाज वाढतो, लॅप टाइम सुधारत नाही.

स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संघटनेचा परवाना आणि वैद्यकीय दाखला लागतो. गाडीचा नेहमीचा विमा शर्यतीतले नुकसान भरून देत नाही, हे घरच्यांनाही आधीच सांगितलेले बरे. रस्त्यावरची शर्यत हा गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलगा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ नुसार पालक अडकतात आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. येरमाळ्याच्या किंवा केजच्या रस्त्यावर पैजेने पळवलेली गाडी कोणालाही रेसर बनवत नाही. तिथे समोरून उसाची ट्रॉली येते, कडेला दगडी पूल असतो आणि पडणाऱ्याला उचलायला कोणी नेमलेले नसते.

खरा अडसर आहे तो जवळ जागा नसण्याचा, आणि त्यावर मातीचा ट्रॅक हाच परवडणारा तोडगा आहे. डर्ट रेसिंगला डांबर लागत नाही. मोकळे माळरान, धूळ बसवायला टँकर, वळणावर जुन्या टायरच्या राशी, रुग्णवाहिका आणि डॉक्टर एवढी तयारी लागते. सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय फेऱ्या नाशिक आणि पुण्यात झालेल्या आहेत, त्यामुळे अनुभवी क्लब राज्यातच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२३च्या निकालानंतर बैलगाडा शर्यती परवानगी आणि नियम पाळून होतात; त्यासाठी मैदान आखणारी, गर्दी आवरणारी माणसे गावोगावी आहेत, ती इथेही कामी येतील. धाराशिवच्या जिल्हा क्रीडा कार्यालयाने आणि तालुक्यातल्या मंडळांनी फेडरेशनशी संलग्न अशा एखाद्या क्लबला सोबत घेऊन वर्षातून एक नवख्यांची डर्ट शर्यत कळंब परिसरात भरवावी. परवानगीचा अर्ज करण्याआधी रुग्णवाहिका ठरवावी.