रमाबाईंची साडेअडतीस वर्षे

इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्या ख्रिस्तवासी झाल्या. मधली साडेअडतीस वर्षे आपल्याकडे दोन तऱ्हांनी सांगितली जातात. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सांगतात ती साक्ष सरळ असते: विदुषी, विधवा, येशूला शरण, मग मुक्ती मिशन. बाहेर सांगतात ती कथा समाजसुधारकाची असते आणि तिच्यात धर्मांतर एखाद्या ओळीत उरकून टाकलेले असते. पहिल्या कथेत रमाबाईंना देवाची इच्छा पहिल्याच दिवशी कळून चुकलेली असते, दुसरीत देवाचे कामच नसते. पण त्यांची पत्रे आणि त्यांनी स्वतः लिहिलेली साक्ष वाचत गेले, की एक हट्टी, चौकस बाई बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षे आपला विश्वास तपासून पाहताना दिसते. मला त्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात.

देवाची इच्छा हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकले होते, आणि त्यांची किंमतही मोजली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी जातभाईंचा रोष पत्करला होता. हे कुटुंब तीर्थांमागून तीर्थे हिंडत, पुराण सांगत जगत असे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात जवळचे सगळे संपले. देव काहीतरी मार्ग दाखवील म्हणून उपास, जप, दानधर्म चालू राहिला, होते नव्हते ते देऊन झाले. शेवटी वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान बाजूला ठेवून मी मोलमजुरी करीन. वडील त्याच दिवसांत गेले, मागोमाग आई आणि बहीणही. सोळा वर्षांच्या मुलीने पाहिलेला हा प्रसंग. देव बोलेल म्हणून हात जोडून बसणे आणि उठून काम शोधणे यांतला फरक तिला कोणत्याही धर्मोपदेशकाने शिकवला नाही. पुढे तिची प्रार्थना कधी रिकाम्या हातांची राहिली नाही, त्याचे मूळ मला इथे दिसते.

भाऊ १८८० साली गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी झालेला संसार दीड वर्षही टिकला नाही. १८८२च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले. सिल्चरच्या त्या घरात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. तिथले एक मिशनरी येऊन बायबल समजावून सांगत. नवऱ्याला ते फारसे रुचत नव्हते. तो गेला, मांडीवर मनोरमा, आणि रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, त्या पुस्तकाच्या पैशांवर १८८३ साली विलायतेला निघाल्या. वैद्यकी शिकायचा बेत होता, पण कानाने कमी ऐकू येई म्हणून तो सोडावा लागला. ख्रिस्ती होण्याचा बेत तर नव्हताच.

झाले कसे, हे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथले आपले एक आश्रयगृह दाखवले. समाजाने ज्यांना बाहेर टाकले होते अशा बायकांची तिथे सेवा चाले. पतित म्हटल्या गेलेल्या बाईला इतक्या मायेने वागवलेले रमाबाईंनी आपल्या देशात कुठेच पाहिले नव्हते. हे कशासाठी करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. धर्मावर वाद त्या पूर्वीपासूनच करत होत्या, ख्रिस्ती झालेले पंडित नेहेम्या गोरे यांचे लेखनही त्यांनी वाचले होते. पण निर्णयाकडे त्यांना खेचले ते त्या आश्रयगृहातल्या कामाने. देवाची इच्छा त्यांना पहिल्यांदा दिसली ती कुणाचे तरी कपडे धुणाऱ्या, कुणाच्या तरी जखमा बांधणाऱ्या हातांमध्ये.

आणि मग लगेच भांडण सुरू झाले! मंडळीत साक्ष सांगताना हा भाग आपण गाळतो. सिस्टर जेरल्डिन ही त्यांची धर्ममाता. दोघींची आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या डोरोथिया बील यांची पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. ती वाचताना करमणूकही होते आणि बेचैनीही वाटते. त्रैक्य म्हणजे काय, चर्चचा अधिकार कुठवर, बायबल आणि परंपरा यांत शेवटचा शब्द कोणाचा, असे प्रश्न पानापानांवर येतात. कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे असा विचार निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात गैरसमज होईल म्हणून. रमाबाई संतापल्या. त्या आयुष्यभर पुरुषांच्या सभेत बोलत आल्या होत्या. आपल्या देशातले लोक काय म्हणतील हे त्यांना बिशपांनी सांगावे लागत नव्हते. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरे असावीत यालाही त्यांचा विरोध होता. लॅटिन मलाही येत नाही आणि माझ्या लोकांनाही येत नाही, मग संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल. मांसाहार त्यांनी केला नाही.

सिस्टर जेरल्डिनना हा गर्व वाटे. आज ती पत्रे वाचणाऱ्यालाही कधीकधी रमाबाईंचा सूर तिखट लागतो. तरी मला त्यांत अवज्ञा दिसत नाही. एका धर्मातल्या शास्त्र्यांच्या हुकमातून सुटलेली बाई दुसऱ्या धर्मातल्या शास्त्र्यांच्या हुकमात जायला तयार नव्हती, इतकेच. देवाची इच्छा शोधायची तर सदसद्विवेक गहाण टाकून नाही, या एका मुद्द्यावर त्या कधी मागे हटल्या नाहीत. आमच्याकडे ‘देवाने मला सांगितले’ हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे. ते ऐकले की मला ही पत्रे आठवतात. रमाबाई ते वाक्य सहसा उच्चारत नाहीत. बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, म्हणतात.

अमेरिकेतली वर्षे मी झटपट ओलांडतो. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तिथे पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, १८८७च्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षे मदतीचे आश्वासन मिळाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले.

इतके सगळे उभे राहिल्यावर, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास रमाबाईंच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. पाळक म्हणून काम करत असतानाच या गृहस्थाचे मन पालटले होते. ते वाचून रमाबाईंनी आपल्या विश्वासाची झडती घेतली. मते पटली म्हणून आपण ख्रिस्ती झालो. आतले ओझे होते तिथेच आहे, असे त्यांना दिसले. मग त्या बायबलकडे पुन्हा गेल्या, या वेळी वाद जिंकायला नव्हे. आपण काही करून नव्हे तर क्षमा मिळाल्याने वाचतो, ही गोष्ट त्यांना तेव्हा उमगली. साक्षीतला हा भाग फार साधा आहे, दिव्य दर्शने वगैरे काही नाहीत. आठ वर्षे जिने जगाला व्याख्याने दिली तिने आपल्याला अजून मुख्य गोष्ट कळली नव्हती असे लेखी कबूल करावे, यापेक्षा मोठी साक्ष मला ठाऊक नाही.

या बदलाचा परिणाम शारदा सदनावर झालाच. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई ते देत नसत, पण स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि मुली येऊन बसत. १८९३ साली बोभाटा झाला, ‘केसरी’ तुटून पडला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ख्रिस्ती वाचकाला इथे रमाबाईंची बाजू घेण्याचा मोह होतो. पण पालकांची तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. ज्या भरवशावर त्यांनी लेकी पाठवल्या तो भरवसा एका आईसारख्या बाईच्या उघड्या दारापुढे टिकणारच नव्हता. आणि रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर आपल्याच घरात दार लावून प्रार्थना करायची हे त्यांना लपवाछपवीसारखे वाटत होते. दोन्ही खरे आहे. प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयानेही माणसे दुखावतात, आणि त्याचे उत्तर प्रार्थनेत मिळतेच असे नाही.

मग दुष्काळ. दैनंदिन कामातून देवाची वाट कशी ओळखायची हे शिकायचे असेल तर १८९६ ते १९०० ही वर्षे पुन्हापुन्हा वाचावीत. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती, म्हणून शाळेला कायमचे उत्पन्न असावे या हिशेबाने रमाबाईंनी केडगाव स्टेशनजवळ सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळबाग लावली होती. हा निव्वळ व्यवहार होता. दुष्काळाच्या जरा आधी लोणावळ्याच्या शिबिरात ख्रिस्ती झालेल्या १५ मुली त्यांच्याबरोबर होत्या. तिथे त्यांनी देवाकडे मागणे केले की या संख्येचा वर्ग कर, २२५ दे. गणित घालून प्रार्थना करणारी बाई! १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मात्र त्या कचरल्या. हाती पैसा नव्हता, जागा नव्हती. पण वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपाशी तोंडे डोळ्यांपुढून हलेनात. त्या गेल्या. सोडून दिलेल्या मुली, विधवा, हाडांचे सापळे झालेली पोरे यांना घेऊन आल्या. काही महिन्यांत सुमारे ३०० जणी झाल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग फळबागेच्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या पडल्या.

उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसऱ्यासाठी कामी आली. जमीन घेताना त्यांना हे ठाऊक नव्हते. देवाला ठाऊक होते, असे त्यांनी मागाहून मानले. हे सगळे मागाहून कळणारे आहे. त्या त्या दिवशी फक्त खरेदीखत होते, विहीर खणायची होती, आणि स्टेशनवर उतरलेल्या मुलींना आधी काय खायला घालायचे, एकदम पोटभर दिले तर सोसेल का, हा प्रश्न होता.

मुक्ती सदनाची पायाभरणी सप्टेंबर १८९८मध्ये झाली. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे सुमारे १९०० जणी राहत होत्या. शेती, गोठा, तेलघाणा, हातमाग, छापखाना, शाळा; वाट चुकलेल्या म्हटल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरप्रमाणे कर्ज काढायचे नाही, गरज देवाला सांगायची, हा रमाबाईंचा नियम. पण हिशेबाच्या वह्या चोख असत. श्रद्धेने चालणे म्हणजे जमाखर्च न लिहिणे, असा समज असलेल्या आमच्या काही संस्थाचालकांनी एकदा केडगावला जाऊन यावे.

१९०५च्या जूनमध्ये मुक्तीत जे संजीवन झाले त्याच्यावर परदेशात ग्रंथ निघाले आहेत. रमाबाईंनी जानेवारीपासूनच पहाटे प्रार्थना करणाऱ्या मुलींचा गट जमवला होता, सुरुवातीला सुमारे ७० जणींचा. मग रडणे, पापांगीकार, मोठ्याने एकत्र प्रार्थना, काहींचे परभाषांत बोलणे. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी लिहिलेली हकिगत पार चिलीमध्ये पोचली आणि तिथल्या मंडळ्यांमध्ये संजीवनाची ठिणगी पडली. रमाबाईंची स्वतःची भूमिका त्या मानाने शांत होती. मुलींनी आपल्या रीतीने आराधना करावी, हिंदुस्थानातल्या मुलीने इंग्रज बाईसारखे नीटनेटके रडावे असा हट्ट कशाला, असे त्यांचे मत. आणि पुरावा मागायचाच तर तो त्या नंतरच्या वागण्यात मागत. भांडणे मिटली का? गावोगाव सुवार्ता सांगायला जायला मुली तयार झाल्या का?

त्या स्वतः तेव्हा आपल्या सर्वांत लांबच्या कामाला लागल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे मराठी भाषांतर त्यांना करायचे होते, शेतावरच्या बाईला कळेल असे. हे काम दीड दशकांहून जास्त चालले. इतरांना त्यात देवाचे बोलावणे वगैरे दिसत नसावे. एक थकत चाललेली, बहिरी होत चाललेली बाई, समोर कोश, शेजारी मुक्तीच्या मुलींनी जुळवलेले खिळे आणि मुद्रिते. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले, त्याने दिनक्रम बदलला नाही. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती एकुलती एक लेक. नऊ महिन्यांच्या आत आई गेली, तोवर भाषांतर पुरे झाले होते.

संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडले. मंडळ्यांनी ते स्वीकारले नाही. उपासनेत बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचत राहिले, आजही तीच वाचतात. रमाबाईंचे बायबल जुन्या ख्रिस्ती घरांत, ग्रंथालयांत क्वचित पाहायला मिळते.