सण उभा करणाऱ्या बाईची गोळी चुकते तेव्हा

पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती टेम्पोत चढू लागल्या की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी गडबड सुरू होते. भिंतींना रंग, मखर, वाणसामान, नारळ, मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची अंथरुणे-पांघरुणे. वर्षभर दोन माणसांचा स्वयंपाक होणाऱ्या घरात अचानक पंधरा-वीस पाने मांडली जातात. हा आनंद कोकणी माणूस कशासाठीही सोडणार नाही. पण ज्या बाईच्या जिवावर हा सगळा सण उभा असतो, तिची रक्तदाबाची गोळी राहून जाते, झोप राहून जाते आणि छातीत दुखले तरी ‘विसर्जन झाले की दाखवू’ म्हणत तेही राहून जाते.

आनंदाचाही ताण असतो

ताण फक्त दुःखाचा असतो, असा आपला समज आहे. होम्स आणि राहे या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७ मध्ये आयुष्यातील घटनांना ताणानुसार गुण देणारी यादी तयार केली. तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण होते, पण लग्नालाही ५० आणि नाताळच्या सणालाही १२ गुण होते. रोजची घडी मोडली की शरीराला जुळवून घ्यावे लागते, मग कारण आनंदाचे का असेना. अशा वेळी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. थोडा वेळ हे उपयोगी पडते. दहा दिवस झोपेविना चालले, तर आधीच रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाला ते महागात पडू शकते.

स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील सुमारे २ लाख ८३ हजार हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासण्यात आली. नाताळच्या आदल्या दिवशी झटक्यांचे प्रमाण एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी जास्त आढळले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत आणि मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांत ही वाढ अधिक होती. देश वेगळा, सण वेगळा; पण जागरण, जड जेवण, भावनांचा कल्लोळ आणि औषधांची हेळसांड आपल्याकडेही तीच.

सलग तीन दिवस

आपले पंचांगच पाहा. तृतीयेला हरतालिका, चतुर्थीला गणपती, पंचमीला ऋषिपंचमी. अनेक घरांत बाई पहिल्या दिवशी पाणीही न घेता उपास करते, रात्री जागरण करते, पहाटे उठून उकड काढायला बसते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा व्रत पाळते. दोन-तीन दिवसांत गौरी येतात. मग ओवसा, नवा नैवेद्य, पुन्हा पाहुणे.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी नेहमीचीच मात्रा घेतली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. अशा वेळी उपास मोडायचा आणि ताबडतोब साखरपाणी घ्यायचे. उपास करायचाच असेल तर सणाआधी डॉक्टरांना भेटून मात्रा ठरवून घ्यावी. गुळाचा मोदक साखरेपेक्षा निर्धोक, हाही गैरसमजच. गुळानेही रक्तातील साखर वाढते. एक मोदक खाल्ला तर त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांविषयी मोकळेपणाने बोलायला हवे. सणाच्या तोंडावर नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर त्या धोक्याच्या ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. ‘शिवायचे नाही’ म्हणून मुलीला किंवा सुनेला कोणी गोळी घ्यायला लावू नये. घेणे न घेणे तिचे तिने ठरवावे.

वडखळ ते माणगाव

चाकरमान्यांचा ताण महामार्गावरच सुरू होतो. वडखळ, इंदापूर, माणगाव येथे गाड्या तासन् तास अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात सलग बसून राहिल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. मुळात हा धोका कमीच असतो, पण उपायही सोपा आहे: बसल्या जागी घोटे फिरवावेत, गाडी थांबली की चार पावले चालावे. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग बळावतो. रोजच्या गोळ्या सर्व दिवसांना पुरतील एवढ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

‘पित्त झालंय’ म्हणून थांबू नका

छातीवर दाब, जबड्यात, पाठीत किंवा हातात दुखणे, धाप लागणे, घाम फुटणे ही झटक्याची लक्षणे असू शकतात. बायकांमध्ये अनेकदा नुसता विलक्षण थकवा, मळमळ आणि धाप एवढेच दिसते. सणात ते पित्तावर किंवा दगदगीवर ढकलले जाते. मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ५० किलोमीटर. विसर्जनाच्या संध्याकाळी रस्ते मिरवणुकांनी भरलेले. म्हणून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. तीच खबरदारी रात्रभर पत्ते कुटत दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी. जास्त दारूने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हे १९७८ पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे.

कामे वाटली तरच

‘ताण घेऊ नकोस’ असे सांगून कोणाचा ताण कमी होत नाही. कामे वाटली की होतो. चतुर्थीच्या आधी घरातल्या सर्वांनी बसून कामांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे नाव लिहावे. भाजी चिरणे, पाने वाढणे, भांडी घासणे ही कामे मुंबईहून आलेल्या मुलांनी आणि जावयांनीही करावीत. देवापुढचे मोदक घरी, पंगतीचे गावातल्या बचत गटाकडून, असे केल्याने भक्ती कमी होत नाही. रात्री एक वेळ ठरवून चूल बंद करावी. गोळीची वेळ सकाळच्या आरतीला बांधून टाकावी आणि ती घेतली का, हे विचारण्याची जबाबदारी एका नातवावर द्यावी. खर्चाची मर्यादाही आधीच ठरवावी. मखरासाठी काढलेले कर्ज दिवाळीपर्यंत झोप घालवते.

गाड्या मुंबईकडे परतल्यावर घर एकदम सुने होते. एकट्या राहिलेल्या आई-वडिलांना चार-सहा दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल, तिथे ते अधिकच जाणवते. पोहोचल्याचा एक फोन करून थांबू नये. पुढचे पंधरा दिवस रोज करावा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण-झोप तुटली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो. तेथे मराठीतही बोलता येते.