हवा तेवढाच दाब



गेल्या उन्हाळ्यांत माझा भाचा सुटीसाठीं आमच्याकडे नाशिकला आला होता. त्याला इलेक्ट्रॉनिक्सचा भारी नाद. नव्यानेंच आणलेला एक चिमुकला संच त्यानें कपाटांतल्या जुन्या अडॅप्टरला जोडला. संचाला ९ व्होल्ट हवे होते व अडॅप्टरवरहि ९ व्होल्टच लिहिलेले होते; तरी क्षणार्धांत करपल्याचा वास सुटला. मागाहून मोजून पाहिलें, तों कांहीं न जोडतां त्या अडॅप्टरमधून १३ व्होल्ट येत होते! छापलेला आंकडा खोटा नव्हता. पूर्ण भार पडला म्हणजे दाब ९ वर उतरेल, एवढाच त्याचा अर्थ. रुसलेल्या भाच्याची समजूत घालावी म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून हवा तेवढा दाब देणारी एक पेटी घरींच बांधली. तिचीच हकीकत आज सांगतों.

घरांतली वीज २३० व्होल्टची असते व तिची दिशा सारखी उलटत राहते. तिला प्रथम रोहित्रानें, म्हणजे ट्रान्सफॉर्मरनें, १५ व्होल्टवर उतरवावयाचें. १ अँपिअर प्रवाह हवा असल्यास रोहित्र २ अँपिअरचें घ्यावें. येथें काटकसर करूं नये. पुढें चार डायोडांची चौकट येते. डायोड ही विजेची एकमार्गी झडप होय. चौकटींतून बाहेर पडणारी वीज एकाच दिशेनें वाहते खरी, पण लाटालाटांनीं. सेकंदाला १०० लाटा. दोन लाटांमधल्या खळग्यांत पुरवठा तुटूं नये म्हणून ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. तो लाटेच्या माथ्यावर भरतो व उतारावर रिता होतो. माथ्यावरचा दाब १५ नव्हे, तर त्याच्या सुमारें १.४ पट असतो. डायोडांची खोट वजा जातां २० च्या आसपास व्होल्ट हातीं येतात. १ अँपिअरचा भार घातला तर त्यांत सुमारें २ व्होल्टांची चढउतार राहते. भाच्याचा अडॅप्टर येथेंच थांबला होता.

खरी करामत यापुढची आहे. पावसाळ्यांत गोदावरीला पूर आला म्हणजे दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी चढलें, हें आपण नाशिककर प्रथम विचारतों. आतां अशी कल्पना करा कीं, गंगापूर धरणावर बसलेला एक मनुष्य मारुतीवरची नजर क्षणभरहि न काढतां दरवाजे वरखालीं करीत आहे, आणि पाणी ठरल्या खुणेवरून बोटभरहि हलूं देत नाहीं. एल्.एम्. ३१७ नांवाचा तीन पायांचा नियंत्रक हेंच काम करतो. त्याची खूण १.२५ व्होल्टची. २२० ओहमच्या एका रोधावर तो नेमका तेवढा दाब राखतो. त्याच्याच ओळींत २,२०० ओहमचा फिरता रोध जोडला, तर त्यावर दसपट, म्हणजे १२.५ व्होल्ट पडतात. बेरीज १३.७५. बटण उलटें फिरवून तो रोध शून्यावर आणला कीं १.२५ व्होल्ट उरतात. साऱ्या पेटींत हिशेबाला याहून सोपें कांहीं नाहीं.

भाचा म्हणाला, "मामा, कमी दाबावर पेटी निर्धास्त, नाहीं का?" बहुतेकांची हीच समजूत असते, आणि ती नेमकी उलटी आहे. नियंत्रकापुढें सरासरी १८ व्होल्ट उभे आहेत. त्यांतले १२ बाहेर दिले तर १ अँपिअरला ६ वॅट त्याच्या अंगावर राहतात. ३ च दिले तर १५ वॅट! हातांत धरून डाग देण्याची लहान इस्त्री २५ वॅटची असते, हें ध्यानांत घ्या. नको असलेला दाब नाहींसा होत नाहीं. तो उष्णता होऊन त्या नखाएवढ्या तुकड्यांत साठतो. फार तापला तर नियंत्रक आपण होऊन काम थांबवितो, आणि आपण मात्र तारा तपासत बसतों. म्हणून त्याला पंखांच्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवावा. त्याची धातूची पाठ बाहेर जाणाऱ्या तारेशीं जोडलेली असते, यास्तव मध्यें अभ्रकाचा पापुद्रा हवाच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. तेव्हां पेटीला वर व खालीं भोकें पाडून हवा खेळती ठेवावी.

पंख्याच्या रेग्युलेटरनें दाब उतरविण्याची युक्ति सांगणारे कोणीतरी भेटतातच. त्यांचें ऐकूं नये. रोहित्राचीं दोन वेटोळीं एकमेकांना तारेनें जोडलेलीं नसतात, आणि त्या तुटलेपणामुळेंच बाहेरच्या तारेला हात लावणारें मूल वांचतें. रेग्युलेटरमध्यें तें तुटलेपण नाहीं. पेटी पत्र्याची असल्यास ती तिसऱ्या, भूमीच्या, तारेला जोडावी व जिवंत तारेंत २५० मिलिअँपिअरचा फ्यूज घालावा. घरच्या विजेचीं टोकें उघडीं असतांना मुलांना एकट्यानें काम करूं देऊं नये.

प्रथम चालू करतांना पेटी भिंतीला थेट जोडूं नका. मध्यें ६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा, तारेचा दिवा ओळींत घाला. आमचा दिवा पहिल्या खेपेस लख्ख पेटला व तसाच राहिला. भाच्यानें एक डायोड उलटा बसविला होता. तो सरळ केल्यावर दिवा एकदां लवला व विझला, आणि मीटरवर १.२५ हा आंकडा उमटला.