रंगाआधी पत्रा : जुन्या गाडीला घरी रंग देताना

नवी मुंबईजवळच्या गव्हाण, न्हावा, उलवे या पट्ट्यात खाडीवरून येणारा वारा खारट असतो. त्यात भर कंटेनर आणि डंपरच्या धुळीची. इथे उघड्यावर उभ्या असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचं दुखणं बहुधा दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीत सुरू होतं. रंगाला बारीक फोड येतो, नख लावलं की पापुद्रा निघतो आणि खाली तपकिरी भुगा दिसतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर दिसणाऱ्या फोडापेक्षा आतलं नुकसान बहुधा मोठं असतं.

त्यावर नुसता नवा कोट मारला, तर पुढच्या पावसाळ्यात फोड परत येतो. गंज मुळापासून काढायला वेळ लागतो, आणि घरी काम करण्याचा खरा लाभ इथेच आहे. गॅरेजवाल्याला गाडी ठरल्या दिवशी मोकळी करायची असते. आपण एका दाराला अख्खा रविवार देऊ शकतो. रंग किती वर्षं टिकणार, हे या वेळेवर ठरतं.

पत्र्याची तयारी

आधी गाडी साबणाने धुवायची आणि वॅक्स, ग्रीस पुसून काढायचं. मग फोड खरवडून, ८० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं. खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचं गंजरोधक द्रावण लावतात. पत्रा आरपार गेला असेल तर तिथे लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. तुकडा वेल्डिंगने जोडून घ्यावा लागतो. चॅसिस कुजली असेल तर ते काम अनुभवी डेंटरचंच.

लांबीत हार्डनर साधारण दोन-तीन टक्केच पुरतो, आणि थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नेऊ नये. अनेक ठिकाणी लांबीवर पाणी घालून घासतात. पण लांबी पाणी शोषते आणि ते पाणी खाली पत्र्यापर्यंत पोचतं. म्हणून लांबी कोरडीच घासावी. वॉटर पेपर आणि पाणी प्रायमर बसल्यावर.

प्रायमर वाळला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा आणि लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासावं. उंचवट्यावरचा काळा रंग लगेच जातो, खळग्यातला राहतो. डोळ्यांना न दिसलेला खड्डा असा सापडतो. काळा ठिपका उरला नाही की मगच रंग.

हवा, दिवस, वेळ

खाडीकाठच्या गावांत पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होड्या खरवडून, डागडुजी करून रंगवायच्या आणि नारळी पौर्णिमेला सज्ज ठेवायच्या, ही जुनी शिस्त आहे. गाडीला मात्र पावसाळा चालत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगातला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून दहानंतर सुरुवात करून ऊन उतरायच्या आत संपवावं. अंगणात आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी.

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. मारुतीच्या पांढऱ्या गाड्यांवर अनेकदा २६यू दिसतो. साधा पांढरा घरी जमतो. मेटॅलिक रंगातले कण सारखे न बसल्यास ढग दिसतात. फवारणीची गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, हात समांतर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कोट बरे.

जीव आणि कायदा

हार्डनर घालून वापरायच्या टू-के पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क तिथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय हा रंग घरी फवारूच नये. पीयूचा शेवटचा कोट फवारणीचा बूथ असलेल्या गॅरेजकडे सोपवणं शहाणपणाचं. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. म्हणून जवळपास गॅस, समई, उदबत्ती काही पेटतं नको. उरलेला थिनर गटारात ओतला तर तो खाडीत आणि खारफुटीत जातो. तो बंद डब्यात साठवून घातक कचरा म्हणून द्यावा.

मूळ रंगच पुन्हा देत असाल तर परवानगी लागत नाही. रंग बदलला तर आरसी पुस्तकातली नोंद आरटीओत बदलून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन मात्र खासगी गाडीला देताच येत नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे.

पहिल्यांदाच करत असाल तर अख्खी गाडी हाती घेऊ नका. सर्वांत खराब झालेलं एकच दार घ्या, ते पूर्ण करा आणि एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. दाराच्या तळाशी पाणी निचरायची छिद्रं असतात, ती मोकळी ठेवा; आतून साचलेलं पाणी बाहेरचा उत्तम रंगही वाया घालवतं. ते दार सप्टेंबरनंतरही तसंच राहिलं, तर बाकीची गाडी घ्यायला हरकत नाही.